अल्गॉन्क्विनच्या आतल्या तलावांवर मुक्कामाची जागा निवडताना: नकाशापासून अंधार पडेपर्यंत

टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनकडून कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या अल्गॉन्क्विन पार्कात कनू (वल्हवायची निमुळती, हलकी होडी) घेऊन दोन-तीन रात्रींसाठी जाणारी मंडळी तयारी मन लावून करतात. वल्हवायचं कसं ते शिकून घेतात, सामानाची यादी दहादा तपासतात. मुक्कामाची जागा मात्र “तिथे गेल्यावर बघू” म्हणून सोडून देतात. मग संध्याकाळी सहाला, दमल्याभागल्या अवस्थेत, मुक्कामाच्या जागेची पहिली नारिंगी पाटी दिसली की तिथेच कनू लावतात. देखावा छान असतो म्हणून सगळे खूश होतात. रात्री पाऊस आला की तंबूखाली पाणी साचतं, वाऱ्याने ताडपत्री फाटते आणि डोक्यावर बर्चचं सुकलेलं झाड करकरतंय हे अंथरुणात पडल्यावर कळतं.

हे होतं, कारण पाहणीचा क्रम उलटा असतो. बहुतेक जण आधी देखावा बघतात, मग तंबूची जागा, मग चूल. वर झाडांकडे कोणीच बघत नाही. खरा क्रम असा: आधी वर, मग खाली, मग वारा, मग पाणी आणि अन्न टांगायची सोय, आणि या सगळ्यातून उरलेल्या जागांमध्ये देखावा. पुढे आधी तयारीचे टप्पे आहेत, मग जागेवरची पाहणी साधारण याच क्रमाने.

## आधी पद्धत समजून घ्या

पार्काच्या आतल्या भागात तुम्ही विशिष्ट जागा बुक करत नाही, तलाव बुक करता. परवान्यावर कोणत्या रात्री कोणता तलाव ते लिहिलेलं असतं. त्या तलावावरच्या जागांपैकी जी रिकामी असेल ती, आधी येईल त्याची. बुकिंग पाच महिने आधी उघडतं आणि पार्कातून जाणाऱ्या हायवे ६० च्या जवळचे तलाव लाँग वीकेंडला पटकन भरतात.

मुक्काम ठरवून दिलेल्या जागीच करायचा असतो. अशा जागेवर झाडाला नारिंगी पाटी ठोकलेली असते, तिच्यावर तंबूचं चित्र असतं आणि ती पाण्यावरून दिसते. पिवळी पाटी म्हणजे पोर्टेज, म्हणजे कनू खांद्यावर घेऊन चालायची वाट. तिथे तंबू लावायचा नसतो.

इशारा: एका जागेवर जास्तीत जास्त ९ माणसं. तीन कुटुंबं मिळून बारा जण असाल तर दोन परवाने आणि दोन वेगळ्या जागा लागतील. “आपलीच माणसं, मावतील” हा हिशेब इथे चालत नाही. मोठ्या गटाला दोन जागा शेजारी-शेजारी मिळतीलच असं नाही, म्हणून प्रत्येक गटाचा तंबू, स्टोव्ह, जेवण, दोर आणि प्रथमोपचाराची पेटी पूर्णपणे वेगळी बांधा. दोन्ही गटांचा स्टोव्ह एकाच पिशवीत असणं ही नेहमीची चूक आहे.

## टप्पा १: घरी बसून नकाशा वाचा

पार्काचा कनू मार्गांचा नकाशा घ्या. त्यावर जागांच्या खुणा आणि पोर्टेजची लांबी मीटरमध्ये दिलेली असते. बुक केलेल्या तलावावरच्या सगळ्या खुणांभोवती पेन्सिलने गोल करा आणि प्रत्येकीजवळ तीन गोष्टी लिहा.

पहिली, जागेचं तोंड कोणत्या दिशेला आहे. इथे चांगल्या हवेतला वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो, आणि उन्हाळ्यातली वादळंही बहुधा पश्चिमेकडूनच चालून येतात. सूर्यास्त दिसणारी जागा म्हणजे पश्चिमेकडे तोंड असलेली जागा, म्हणजेच वारा थेट अंगावर घेणारी जागा. फोटोत सगळ्यात सुंदर दिसणाऱ्या जागा नेमक्या याच असतात. मोठ्या तलावाच्या पूर्व किनाऱ्यावर लाटा आपटतात, पश्चिम किनाऱ्यावर झाडांच्या आडोशाला पाणी शांत असतं आणि सकाळचं ऊन लवकर मिळतं.

दुसरी, त्या जागेसमोर किती लांब मोकळं पाणी आहे. ओपिओंगो हा पार्कातला सगळ्यात मोठा तलाव. बर्न्ट आयलंड लेकसारखा लांबट तलावही वाऱ्याच्या दिवशी नवख्यांना जड जातो. मोकळं पाणी जितकं लांब, तितकी लाट मोठी.

तिसरी, उंची. नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दिल्या असतील आणि त्या किनाऱ्याला चिकटून दाटीवाटीने असतील तर उतार तीव्र, तंबूला सपाट जागा कमी. किनाऱ्याजवळ दलदलीची खूण असेल तर डास, चिखल आणि वल्हं रुतेल असा किनारा.

यावरून पसंतीच्या तीन जागा क्रमाने ठरवा. त्यातली निदान एक तलावात शिरतानाच्या बाजूला असावी, म्हणजे वारा सुटला तर पलीकडे जायची सक्ती राहणार नाही.

तपासा: नकाशाची कागदी प्रत जलरोधक पिशवीत आहे का? आतल्या भागात मोबाइलच्या सिग्नलवर विसंबून राहू नका. फोनवरचा नकाशा आधीच उतरवून घ्या, पण तो एकमेव नकाशा नको.

## टप्पा २: वेळेचं गणित उलट्या बाजूने करा

जागा चांगली मिळणं न मिळणं बहुतेक वेळा दुपारी किती वाजता पोचलात यावरच ठरतं. म्हणून शेवटापासून मागे मोजा.

तलावावर पोचायची वेळ दुपारी ३ धरा. ३ ते ४ हा तास जागा शोधायला. ४ वाजता जी ठीकठाक जागा समोर असेल ती घ्यायची, आणखी चांगलीच्या मागे लागायचं नाही. जूनच्या शेवटी सूर्य रात्री ९ च्या सुमारास मावळतो, त्यामुळे वेळ भरपूर आहे असं वाटतं. सप्टेंबरच्या शेवटी तो ७ च्या आसपासच जातो, आणि ऑक्टोबरमधल्या थँक्सगिव्हिंगच्या वीकेंडला त्याच्याही आधी. पानांचे रंग बघायला जाणाऱ्यांची फसगत इथेच होते.

सामानाने भरलेली कनू नवखी माणसं ताशी ३ ते ४ किलोमीटरने नेतात. पोर्टेजवर बहुतेकांना दोन खेपा लागतात: एकदा कनू, एकदा पिशव्या. दोन खेपा म्हणजे तिप्पट चालणं, कारण मधे रिकामं परत यावं लागतं. नकाशावरचं १ किलोमीटरचं पोर्टेज पायाला ३ किलोमीटर पडतं. शिवाय दोन्ही टोकांना उतरवणं-चढवणं यात मिळून अर्धा तास सहज जातो.

उदाहरण घ्या. १२ किलोमीटर पाणी, म्हणजे साडेतीन तास. दोन पोर्टेज मिळून दीड किलोमीटर, म्हणजे साडेचार किलोमीटर चाल, दीड तास. उतरवणं-चढवणं एक तास. जेवण आणि थांबणं एक तास. एकूण सात तास. ३ वाजता पोचायचं तर सकाळी ८ ला वल्हं पाण्यात हवं.

टोरंटोहून त्याच दिवशी निघणाऱ्यांना हे जमत नाही. कनू लेक या तलावावरच्या प्रवेशापर्यंत गाडीने तीन-साडेतीन तास, मग परवाना, कनूचं भाडं, सामान लावणं. पहाटे निघालात तरी पाण्यात उतरायला ११ वाजतात. म्हणून पहिल्या रात्रीचा तलाव ६-७ किलोमीटरच्या आतला घ्या. कनू लेकच्या उत्तर टोकाचं सुमारे ३०० मीटरचं पोर्टेज ओलांडून ‘जो लेक’ (Joe Lake) किंवा टीपी लेकवर पहिला मुक्काम केला, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या शांत पाण्यात पुढे जाता येतं.

इशारा: वारा साधारणपणे सकाळी कमी असतो, दुपारी वाढतो आणि संध्याकाळी पुन्हा पडतो. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला की नवख्यांनी तलावाच्या मधून आरपार जायचं नाही. किनारा धरून वाऱ्याच्या आडोशाने जा, नाहीतर थांबा. हव्या त्या जागेसाठी हा नियम मोडू नका.

## टप्पा ३: पाण्यावरूनच निम्म्या जागा गाळा

पाटी दिसली की लगेच किनाऱ्याला लागू नका. २०-३० मीटरवरून सावकाश पुढे जा आणि बघा.

उतरायची जागा कशी आहे? पाण्यात हळूहळू उतरत जाणारा कातळ किंवा बारीक वाळू उत्तम. गोल, शेवाळलेले दगड म्हणजे सामान उतरवताना घोटा मुरगळणार. काळा चिखल आणि कमळाची पानं म्हणजे जळवा, आणि पिण्याचं पाणी भरायला रोज कनू काढून खोल पाण्यात जायचं.

किनाऱ्यावर गाळाची किंवा ओंडक्यांची रास एकाच बाजूला ढकललेली दिसते का? वारा-लाटांचा मारा तिकडून येतो, असं ती रास सांगते. झाडांच्या फांद्या एकाच बाजूला वाढलेल्या, दुसरी बाजू बोडकी असेल तर वारा वर्षभर त्या बोडक्या बाजूनेच लागतो.

आणि झाडांचे शेंडे पाण्यावरूनच सर्वात चांगले दिसतात. जागेवर उभं राहिल्यावर खालची पानं मधे येतात. हिरव्या रांगेत करडा, बिनपानांचा, टोक तुटलेला शेंडा दिसला तर तो नेमका कुठे आहे ते लक्षात ठेवा.

भूशिरावरची जागा आणि बेटावरची जागा यांचं सगळ्यांना आकर्षण असतं. मे-जूनमध्ये ते योग्यही आहे. मेच्या मध्यापासून जूनच्या उत्तरार्धापर्यंत ब्लॅक फ्लाय नावाच्या बारीक, चावऱ्या माश्या असतात, त्यांच्यामागोमाग डास येतात, आणि वाऱ्याची झुळूक हा त्यावरचा सगळ्यात चांगला उपाय. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माश्या-डास जवळजवळ नसतात आणि तोच वारा अंगात हुडहुडी भरवतो. तेव्हा आडोशाची, पूर्वेकडे तोंड असलेली जागा घ्या. बेटाबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवा: अस्वलं पोहतात, आणि वारा सुटला की तुम्ही बेटावर अडकता.

## टप्पा ४: उतरा, पण सामान कनूतच राहू द्या

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. एकदा पिशव्या किनाऱ्यावर आल्या, मुलांनी बूट काढले, कोणी चिवड्याचा डबा उघडला, की जागा कितीही वाईट असली तरी कोणी उठत नाही. म्हणून एक-दोघांनी कनूजवळ थांबून ती धरून ठेवायची, दोघांनी वर जाऊन दहा मिनिटांत पाहणी करायची आणि हो की नाही ते येऊन सांगायचं.

पाहणीची सुरुवात मान वर करून.

या भागात मातीचा थर पातळ आहे आणि खाली सलग कातळ. झाडांची मुळं खोल जातच नाहीत, आडवी पसरतात. त्यामुळे धडधाकट दिसणारं झाडही वादळात मुळासकट उलटतं. सुकलेलं झाड तर वारा नसतानाही पडू शकतं. तंबूच्या जागेभोवती एक पूर्ण चक्कर मारा आणि पुढच्या खुणा शोधा:

- उभं सुकलेलं झाड: साल सुटलेली, बारीक फांद्या गळालेल्या. बर्चकडे विशेष लक्ष द्या. त्याची पांढरी साल शाबूत राहते आणि आतलं लाकूड कुजून भुसभुशीत झालेलं असतं.
- वर अडकलेली तुटकी फांदी, किंवा दुसऱ्या झाडावर रेललेलं झाड.
- बुंध्यावर कडक भूछत्रं, सुतारपक्ष्याची भोकं, उभी चीर.
- बुंध्याजवळ एका बाजूने माती उचललेली किंवा भेगाळलेली. हे झाड मुळापासून हलायला लागलंय.

सुकलेलं झाड तंबूपर्यंत पोचतं का, हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. माणसं उंची नेहमी कमी धरतात. चारही बाजू सारख्या असलेला चौकोनी कागद तिरका दुमडून त्रिकोण करा. तंबूच्या जागी उभं राहून त्रिकोणाची एक आखूड बाजू जमिनीला समांतर धरा आणि तिरक्या लांब कडेवरून वर बघा. झाडाचा शेंडा त्या रेषेवर किंवा तिच्या वर असेल, तर झाड पडल्यावर तुमच्या अंगावर येईल. शेंडा रेषेच्या बराच खाली हवा. झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतर राखलं तर पडताना उडणाऱ्या फांद्यांपासूनही बचाव होतो.

इशारा: झाड पक्कं आहे का हे बघायला त्याला ढकलू किंवा लाथ मारू नका. वरची अडकलेली फांदी तेवढ्यानेही सुटते. दोर टाकून ती ओढायचा प्रयत्नही नको. तंबू हलवा. हलवायला जागा नसेल तर पुढची जागा बघा. झाडांच्या बाबतीत तडजोड नाही, बाकी सगळ्या बाबतींत थोडी चालते.

## टप्पा ५: आता जमीन

तंबूच्या ठरलेल्या जागा वर्षानुवर्षं वापरून घट्ट झालेल्या असतात, आणि मधोमध परातीसारख्या खोलगट झालेल्या असतात. कोरड्या दिवशी तिथे सपाट, मऊ, पाइनच्या सुयांचं अंथरूण दिसतं. पावसात पहिलं पाणी तिथेच जमतं.

कोरड्या दिवशीही जमीन वाचता येते. सुया आणि पानांच्या बारीक ओळी, अर्धगोल कमानी दिसल्या तर ते वाहून गेलेल्या पाण्याने सोडलेले माग आहेत. मधे बारीक, गुळगुळीत, सुकून तडकलेला गाळ असेल तर तिथे डबकं होतं. मुळं उघडी पडली असतील तर तिथून माती वाहून जाते, म्हणजे पाण्याची वाट तीच.

शंका असेल तर बाटलीभर तलावाचं पाणी, साधारण एक लिटर, तंबूच्या मध्यावर हळूहळू ओता आणि दोन मिनिटं थांबा. मुरलं तर चांगलं. एका बाजूला वाहून गेलं तरी चांगलं, फक्त ते तंबूच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन साचत नाही ना ते बघा. जागच्या जागी तळं झालं तर तंबू तिथे नको.

अगदी सपाट जमिनीपेक्षा किंचित उताराची बरी. डोकं चढाच्या बाजूला करा. उतार आडवा असेल तर रात्रभर सगळे एकमेकांवर घसरतात. चटई न टाकता तिथे प्रत्यक्ष आडवं होऊन बघा. बुडाखालचा दगड आणि उताराची दिशा उभ्याने कळत नाहीत, आडवं झाल्यावर अर्ध्या मिनिटात कळतात.

तंबूखालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा सगळीकडून चार बोटं लहान असावी. बाहेर आलेली कड पावसाचं पाणी गोळा करून थेट तंबूखाली नेते. तंबूभोवती चर खणायचा नाही. त्याने मुळं तुटतात, जागा कायमची खराब होते, आणि जागा नीट निवडली असेल तर त्याची गरजही पडत नाही.

कातळावर तंबू लावावा लागला तर खुंट्या निरुपयोगी. दोऱ्यांची टोकं लांबट दगडाला बांधा आणि त्या दगडावर दुसरा जड दगड ठेवा. निघताना दगड जिथले तिथे परत. शेवाळाच्या किंवा दगडफुलाच्या थरावर तंबू लावू नका, तो थर पुन्हा यायला कितीतरी वर्षं जातात.

शरद ऋतूत आणखी एक गोष्ट. थंड हवा जड असते आणि रात्री उतारावरून खाली येऊन सखल भागात बसते. पाण्यालगतच्या खळग्यात झोपणाऱ्यांचा तंबू सकाळी आतून ओलाचिंब असतो. तेच पाच-सहा मीटर उंचावर आणि थोडं मागे झाडांत गेलात तर बराच फरक पडतो.

## टप्पा ६: विजेचा विचार

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांचा पाऊस येतो. टोकाच्या उघड्या भूशिरावर, आजूबाजूच्या सगळ्यांहून उंच अशा एकट्या पाइनखाली, किंवा त्याच्या पसरलेल्या मुळांवर तंबू नको. साधारण एका उंचीच्या, मध्यम झाडांच्या दाटीत, थोड्या सखल भागात असलेली जागा त्यातल्या त्यात बरी. पूर्ण सुरक्षित अशी जागा रानात नसते, तंबू विजेपासून वाचवत नाही.

गडगडाट ऐकू आला की पाण्यात कोणी नको, पोहणारेही नकोत आणि कनूही नको. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा.

## टप्पा ७: चूल, पाणी, संडास

चूल ठरलेल्या दगडी वर्तुळातच. नवीन चूल मांडू नका. इथली वरची माती म्हणजे कुजलेला पालापाचोळा आणि मुळं. ती आतल्या आत धुमसत राहते आणि आग दुसऱ्या दिवशी दहा पावलांवर बाहेर येते. तंबूच्या आणि ताडपत्रीच्या नायलॉनला ठिणगीने लगेच भोकं पडतात, म्हणून तंबू चुलीवरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेत येत नाही ना ते पाहा. निघण्याआधी आगबंदी लागू आहे का ते तपासा, आणि आगबंदी नसली तरी गॅसचा स्टोव्ह न्याच.

पिण्याचं पाणी किनाऱ्यापासून थोडं दूर, खोल भागातून भरा. गाळून, मग निदान एक मिनिट खळखळ उकळा किंवा चांगला फिल्टर वापरा. पाण्यावर हिरवी-निळी साय किंवा रंग सांडल्यासारखा थर असेल तर ते पाणी उकळूनही प्यायचं नाही. त्यातलं विष उकळल्याने जात नाही.

भांडी तलावात विसळायची नाहीत. खरकटं पाणी किनाऱ्यापासून ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तर-ऐंशी पावलं, आत नेऊन पसरून टाका. संडास म्हणजे झाडांत मागे ठेवलेली झाकणाची लाकडी पेटी. उजेडातच तिथपर्यंतची वाट सगळ्यांना, मुलांना विशेषतः, दाखवून ठेवा. आत उरलेलं अन्न टाकायचं नाही, त्याने अस्वल येतं.

इशारा: अल्गॉन्क्विनच्या आतल्या भागात अन्नपाण्याचे धातूचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. लोणच्याची बरणी, तुपाची काचेची बाटली, टिनबंद छोले हे सगळं घरीच राहू द्या. लोणचं आणि तूप घट्ट फिरकीच्या प्लास्टिकच्या डबीत, त्यावर झिपची पिशवी. इंधनाच्या डब्यांना मुभा आहे.

## टप्पा ८: अन्न टांगायचं झाड उजेडात शोधा

जागा पक्की करण्याआधी हे झाड मिळतं का ते बघायचं. जेवणं उरकून, अंधारात, डोक्याला दिवा लावून फांद्यांवर दोर फेकत बसणं हे प्रत्येक नवख्या गटाचं ठरलेलं दृश्य, आणि शेवटी कंटाळून पिशवी माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर लटकते.

पिशवी जमिनीपासून निदान ४ मीटर वर आणि खोडापासून निदान २ मीटर दूर हवी. एवढी लांब आणि मजबूत फांदी पाइन-स्प्रूसमध्ये क्वचित मिळते. म्हणून सोपा मार्ग म्हणजे दोन झाडांमध्ये, ६-७ मीटर अंतर राखून, उंचावर आडवा दोर ताणायचा आणि त्याच्या मध्यावरून पिशवी वर ओढायची. पिशवीच्या वजनाने दोर मधे झोल खातो, म्हणून तो ४ मीटरपेक्षा बराच वर हवा. यासाठी ८ मिलिमीटरचा, निदान २० मीटरचा एक आणि तेवढाच दुसरा असे दोन दोर न्या. सुतळीसारखा बारीक दोर सालीत रुततो आणि ओढताना हात कापतो.

अंतर तंबूपासून निदान ६० मीटर, जमलं तर १००. पिशवीत फक्त जेवण नाही, तर वासाचं सगळं: टूथपेस्ट, सनस्क्रीन, मुलांचं औषधी सिरप, कचऱ्याची पिशवी, फोडणीचं तेल सांडलेला रुमालसुद्धा. भाड्याने मिळणारं निळं प्लास्टिकचं पिंप वास बराच अडवतं, पण अस्वलाला अडवत नाही. तेही टांगायचंच.

तपासा: आधीच्या गटाने चुलीत अर्धवट जळलेलं अन्न, साली, फॉइल टाकलंय का? आसपास अस्वलाची ताजी विष्ठा आहे का? दोन्ही दिसलं तर ती जागा सोडा. तिथल्या अस्वलाला जेवणाची सवय लागली असण्याची शक्यता आहे.

## टप्पा ९: जागा पक्की, आता मांडणी

कनू सगळ्यात आधी. पाण्याच्या कडेला अर्धवट ओढून ठेवलेली कनू रात्रीच्या वाऱ्याने निघून जाते, आणि मग तुम्ही तिथेच अडकता. पूर्ण वर उचला, पालथी घाला, झाडाला बांधा. वल्ही आणि लाइफ जॅकेट तिच्याखाली.

ढग असतील तर आधी ताडपत्री, तिची वाऱ्याकडची कड जमिनीजवळ, आणि तिच्याखाली तंबू उघडा. आकाश मोकळं असेल तर तंबू आधी. तंबूच्या सगळ्या दोऱ्या पहिल्या दिवसापासूनच ताणा, “वारा आला तर बघू” म्हणून ठेवल्या तर त्या रात्री दोनला पावसात बांधाव्या लागतात. मग दोर टांगणं, मग पाणी भरून फिल्टर लावणं. चूल शेवटी.

## जागा मिळालीच नाही तर

परवान्यांची संख्या जागांच्या हिशेबाने असते, त्यामुळे तुमच्या तलावावर कुठेतरी जागा असायला हवी. लोक समोरच्या चार जागा भरलेल्या पाहून हताश होतात. पूर्ण किनारा फिरा, आत घुसलेले कोपरे आणि बेटांची मागची बाजू बघा. सगळ्यात कमी देखण्या जागा तिथे असतात आणि त्याच रिकाम्या राहतात.

तरीही काही नसेल, तर एखादा गट परवान्याबाहेर तिथे राहिलाय असा त्याचा अर्थ असू शकतो. वाद घालू नका. उजेड शिल्लक असेल आणि पाणी शांत असेल तर शेजारच्या तलावावर रिकामी जागा बघा. उजेड जात असेल किंवा वारा असेल तर सरळ भरलेल्या जागेवर जाऊन परिस्थिती सांगा आणि रात्रीपुरती जागा मागा. अंधारात वल्हवण्यापेक्षा हे कधीही बरं. जंगलात नवी जागा तोडून तयार करू नका. परवाना हाताशी ठेवा आणि परत आल्यावर प्रवेशाच्या कार्यालयात काय झालं ते कळवा.

## सकाळी निघताना

चुलीत पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेवर हाताची पालथी बाजू टेकवून बघा, कोमट लागली तरी आणखी पाणी. पुढचा गट दुपारी येणार असतो, म्हणून सकाळीच जागा मोकळी करा. मग एकाने तंबूच्या जागेपासून संडासापर्यंत आणि तिथून टांगायच्या झाडापर्यंत सावकाश चालत जायचं: खुंट्या, दोऱ्यांचे तुकडे, टॉफीचे कागद, आणि वर झाडात राहिलेला दोर. गाठ अडकून दोर निघत नसेल तर जोराने ओढण्याआधी बाजूला उभे राहा.